शेजारधर्म आणि दंडाची पावती

ऑक्टोबर उजाडला की वाशिमच्या बाजारपेठेत सोयाबीनची आवक वाढते, आडतीची दुकाने भरून जातात आणि गोदामे अपुरी पडू लागतात. अशा दिवसांत बाजाराजवळच्या बारा सदनिकांच्या एखाद्या इमारतीत काय घडू शकते, याचे उदाहरण घ्यावे. तळमजल्यावरील सामाईक वाहनतळात एका सदस्याची चाळीस पोती ‘दोन दिवसांसाठी’ म्हणून उतरतात. दोन दिवसांचे तीन आठवडे होतात. वरच्या मजल्यावरील डॉक्टरांची मोटार रस्त्यावर उभी राहू लागते, उंदरांचा उपद्रव सुरू होतो आणि मुलांच्या सायकली पोत्यांआड अडकून पडतात. दिसते सगळ्यांना, बोलत मात्र कोणी नाही. सचिव हे त्या सदस्याच्या मावसभावाचे जावई, अध्यक्षांचे त्यांच्या दुकानाशी तीस वर्षांचे देणेघेणे आणि खजिनदारांच्या घरचे लग्न पुढच्याच महिन्यात! शेवटी एका रात्री जिन्यात आवाज चढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फलकावर हाताने लिहिलेला कागद लागतो : ‘पोती ठेवणाऱ्यास पाच हजार रुपये दंड.’ त्यामागे सभेचा ठराव नसतो, कोणाला नोटीस दिलेली नसते आणि कागदाखाली सहीदेखील नसते.

येथून पुढे पोत्यांचा प्रश्न मागे पडतो आणि माणसांचे भांडण सुरू होते. दंड झालेला सदस्य तो भरत नाही. उलट, ‘अध्यक्षांच्या गच्चीवरचा पत्र्याचा आडोसा कोणत्या नियमात बसतो?’ असे विचारतो. तो प्रश्न गैरलागू असला तरी त्याला उत्तर देणे समितीला जड जाते. तीन आठवडे भीड आणि एका रात्रीत आकस, या दोन टोकांच्या मध्ये जी वाट असते ती चोखाळलीच गेलेली नसते. प्रस्तुत लेखाचा विषय तीच मधली वाट आहे.

नियमभंग आणि दंड यांचा विचार करताना पहिला प्रश्न असा, की इमारतीची कायदेशीर ओळख कोणती? पुष्कळ रहिवाशांना याचे उत्तर सांगता येत नाही. बोलण्यात सगळ्याच इमारती ‘सोसायटी’ असतात, परंतु कायद्याने त्यांचे दोन मुख्य प्रकार पडतात. पहिला, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली सहकारी गृहनिर्माण संस्था. दुसरा, महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७० खाली नोंदलेल्या घोषणापत्रावर उभा असलेला सदनिकाधारकांचा संघ. विदर्भातील शहरांत हा दुसरा प्रकार चांगलाच रुळलेला आहे. खरेदीखताच्या फाइलमध्ये ‘डीड ऑफ डिक्लेरेशन’ असेल तर इमारत दुसऱ्या प्रकारची, भागदाखला असेल तर पहिल्या प्रकारची, असे ढोबळमानाने समजावे.

हा भेद केवळ कागदी नाही. सहकारी संस्थेवर निबंधकांची देखरेख असते. तिची थकबाकी वसूल करण्यासाठी कायद्यात गृहनिर्माण संस्थांकरिता घातलेल्या स्वतंत्र प्रकरणातील कलम १५४ब-२९ नुसार निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. अपार्टमेंटच्या संघाला आपल्या घोषणापत्रातील उपविधींवर भिस्त ठेवावी लागते. १९७० च्या कायद्याचे कलम ७ सांगते, की उपविधी व नियम प्रत्येक सदनिकाधारकाने काटेकोर पाळले पाहिजेत. ते न पाळल्यास येणे रकमेसाठी, नुकसानभरपाईसाठी किंवा मनाईसाठी व्यवस्थापक मंडळाला दावा करता येतो, आणि योग्य प्रकरणी बाधित सदनिकाधारकालाही. सामाईक खर्चाची थकबाकी हा कलम १९ प्रमाणे त्या सदनिकेवरचा बोजाच ठरतो. नगर परिषदेचा कर आणि पहिले गहाण एवढेच त्याच्या पुढे.

व्यापारी कुटुंबांनी येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. जुनी सदनिका विकत घेताना कलम २० प्रमाणे विक्रेत्याच्या थकलेल्या सामाईक खर्चाची जबाबदारी खरेदीदारावरही येते. मात्र खरेदीपूर्वी संघाकडून थकबाकीचे लेखी विवरण मागण्याचा त्याला हक्क आहे, आणि विवरणात दाखवलेल्या रकमेपलीकडे तो बांधील राहत नाही. दुकान घेताना जुन्या वीजबिलाची चौकशी करणारे गृहस्थ सदनिका घेताना हा एक कागद मागण्यास विसरतात.

आता प्रत्यक्ष दंडाकडे वळू. सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी २०१४ साली प्रसृत झालेल्या आदर्श उपविधींमध्ये दंडाची रीत सांगितली आहे. कोणत्या नियमभंगास किती दंड, हे सर्वसाधारण सभेने ठरवायचे. नियमभंग झाल्याचे समितीच्या सूचनेवरून सचिवांनी सदस्याच्या नजरेस आणून द्यायचे. तरीही तो चालू राहिला तर कारणे दाखवा नोटीस द्यायची, सदस्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे आणि त्यानंतरच दंडाचा निर्णय करायचा. त्या दंडालाही मर्यादा आहे : एका नियमभंगासाठी एका आर्थिक वर्षात अधिकात अधिक ५,००० रुपये. म्हणजे फलकावरच्या त्या कागदाने कमाल मर्यादेची रक्कम पहिल्याच दिवशी, एकही पायरी न चढता, लावून टाकली होती. असा दंड वसूल होणे कठीणच, आणि कोणी भिडेखातर भरलाच तरी मनात अढी ठेवून भरणार.

अपार्टमेंटच्या संघाने तर आपल्या नोंदलेल्या उपविधींत दंडाची तरतूद आहे की नाही, हे आधी तपासावे. नसल्यास रीतसर दुरुस्ती करून ती घालून घ्यावी. शेजारच्या सोसायटीत चालते म्हणून आपल्याकडे चालेल, हा तर्क न्यायालयात टिकत नाही.

काही शिक्षा मात्र कोणत्याही बहुमताने लावू नयेत. थकबाकीदाराचे पाणी तोडणे, लिफ्टचा वापर अडवणे, वॉचमनला सांगून पाहुण्यांना दारात थांबवणे असे उपाय रागाच्या भरात सुचतात, परंतु आदर्श उपविधींत त्यांना जागा नाही. अशा कृत्याने थकबाकीदार फिर्यादी होतो आणि समिती आरोपी! पाळीव प्राण्यांच्या बाबतीतही तसेच आहे. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी किंवा त्यासाठी दंड लावता येत नाही. जिना घाण केला तर त्या घाणीबद्दल बोलावे, कुत्रा असण्याबद्दल नव्हे. सभागृहात बारापैकी अकरा हात वर झाले म्हणून बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नसते.

हिशेबाच्या बाबतीत व्यापारी घरांना काही शिकवावे लागू नये, तरी इमारतीच्या खतावणीत एक चूक वारंवार आढळते. देखभाल खर्च, उशिराचे व्याज आणि नियमभंगाचा दंड या तीन रकमा एकाच ओळीत ‘बाकी’ म्हणून लिहिल्या जातात. वस्तुतः त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. देखभाल खर्च हे प्रत्येकाचे देणे आहे. व्याज ही उशिराची भरपाई आहे आणि २०१४ च्या आदर्श उपविधींनुसार ते सरळव्याजाने, द.सा.द.शे. २१ च्या आतच आकारायचे आहे. महिना दोन हजार रुपयांच्या थकलेल्या हप्त्यावर २१ टक्क्यांनी महिन्याला ३५ रुपये होतात, अधिक नाही. दंड मात्र आचरणाबद्दल आहे. त्याला ठराव लागतो, नोटीस लागते, सुनावणी लागते. या तिन्हींची सरमिसळ झाली की प्रामाणिकपणे खर्च भरू इच्छिणारा सदस्यही ‘आधी दंड काढा, मग बघू’ असे म्हणून सगळेच अडवून धरतो.

भारतीय रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी बँकांना दिलेला आदेश या संदर्भात उद्बोधक आहे. कर्जाच्या अटी मोडल्याबद्दल बँका दंडव्याज लावीत. ते व्याजदरात मिसळून जाई आणि त्यावर पुन्हा व्याज चढे. रिझर्व्ह बँकेने सांगितले, की दंड हा ‘दंडशुल्क’ म्हणून वेगळा दाखवावा, त्यावर व्याज चढवू नये, तो वाजवी असावा आणि उत्पन्न वाढवण्याचे साधन म्हणून त्याचा उपयोग करू नये. त्याचा हेतू कर्जदाराला शिस्त लागावी एवढाच. जो दंडक कोट्यवधींचे व्यवहार करणाऱ्या बँकांना लागू केला गेला, तो बारा सदनिकांच्या इमारतीलाही शोभणारा आहे. वार्षिक सभेत खजिनदार ‘यंदा दंडातून एवढी रक्कम जमली’ असे अभिमानाने सांगू लागले, की त्या इमारतीत काहीतरी चुकते आहे असे समजावे. दंडाचे खाते वर्षअखेरीस कोरे राहणे, हेच नियम पाळले गेल्याचे लक्षण.

दंडाने शिस्त लागतेच, असेही नाही. इस्रायलमधील हैफा शहरात दहा पाळणाघरांमध्ये एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तांत उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या अभ्यासकांनी २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून सहा पाळणाघरांनी दहा मिनिटांहून अधिक उशिरासाठी दहा शेकेल दंड ठेवला. उशिरा येणारे पालक कमी होण्याऐवजी वाढत गेले आणि जवळजवळ दुप्पट झाले. काही आठवड्यांनी दंड रद्द केला, तरी उशीर पूर्वपदावर आला नाही. कारण उघड आहे. दंडापूर्वी उशिरा येताना ‘बाई ताटकळत बसल्या असतील’ ही टोचणी होती. दंड आल्यावर ती टोचणी गेली आणि उशिराला भाव ठरला. दहा शेकेलमध्ये तो विकत मिळू लागला.

व्यापाऱ्याला हे गणित चटकन उमगेल. चाळीस पोत्यांना गोदामाचे भाडे जितके पडेल त्याहून दंड कमी असेल, तर पोती वाहनतळातच राहणार आणि वर ‘दंड भरतो ना!’ असे ठणकावून सांगितले जाणार. म्हणून दंडाची पावती फाडल्याने नियमभंग मिटला असे मानू नये. पावतीसोबत ‘अमुक तारखेपर्यंत जागा मोकळी करावी’ हा आदेश हवाच. पैसे घेतले आणि पोती राहू दिली, तर संघाने सामाईक जागा भाड्याने दिल्यासारखेच झाले.

निर्णय कोणी करावा, हाही नाजूक प्रश्न आहे. ज्यांची मुले-सुना परदेशी आहेत त्यांनी तिकडच्या ‘होमओनर्स असोसिएशन’च्या कथा ऐकल्या असतील. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचा कायदा असा आहे, की अशा संघाला दंड लावण्यापूर्वी किमान चौदा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते आणि सदस्याला किमान तीन जणांच्या एका समितीपुढे म्हणणे मांडू द्यावे लागते. या समितीत संघाचे पदाधिकारी असू शकत नाहीत, आणि त्यांचे पती-पत्नी, आई-वडील, मुले व भावंडेही नाहीत. समितीने मान्यता दिली नाही तर दंड पडतो तेथेच. बारा सदनिकांच्या इमारतीत नात्याबाहेरचे तिघे शोधणे जिकिरीचे असेल, परंतु एवढे तर निश्चित करता येते, की ज्यांची तक्रार आहे किंवा ज्यांचे नाते वा देणेघेणे गुंतले आहे, त्यांनी त्या विषयापुरते बाजूला बसावे आणि तशी नोंद इतिवृत्तात व्हावी. दुकानातील भागीदारीत हा संकेत पाळला जातो. घराच्या जिन्यातही तो पाळावा.

सामाईक वास्तूतील वाद वेळीच न मिटल्यास केवढे मोल द्यावे लागते, याचे उदाहरण वाशिम जिल्ह्यापासून दूर शोधावे लागत नाही. मालेगाव तालुक्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिरात दोन्ही पंथांनी पूजेच्या वेळा वाटून घेतल्या त्या १९०५ साली. वेळापत्रक ठरले, पण ते पाळताना उद्भवणारे मतभेद कोणी आणि कसे सोडवायचे यावर एकवाक्यता राहिली नाही. प्रकरण अकोल्याच्या न्यायालयातून चढत लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि तेथील निकाल १९२९ मध्ये लागला. वाद त्यानंतरही शमला नाही. मंदिराचे दार सुमारे चार दशके बंद राहिले आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. कोणाची बाजू बरोबर, हा येथील विषय नव्हे. घेण्यासारखे एवढेच, की सामाईक जागेसाठी नियम करणे हे अर्धे काम. नियम मोडल्याची तक्रार कोणापुढे न्यायची, किती दिवसांत तिचा निर्णय व्हायचा आणि तो सर्वांनी का मानायचा, हे ठरवणे उरलेले अर्धे. ते राहून गेले तर पिढ्या खर्ची पडतात.

मग त्या बारा सदनिकांच्या इमारतीत काय व्हायला हवे होते? पोती उतरली त्याच आठवड्यात अध्यक्षांनी त्या सदस्याच्या घरी जाऊन, चहाच्या निमित्ताने, एकांतात विषय काढायला हवा होता. चारचौघांत सांगितलेली चूक अपमान ठरते आणि बाजारात ज्याची साख हेच भांडवल, तो अपमान सहजी विसरत नाही. आठ दिवसांत फरक पडला नाही, तर सचिवांच्या सहीचे साधे पत्र द्यावे : कोणता नियम, कोणती जागा, कोणत्या तारखेपर्यंत मोकळी करावी. शक्य असल्यास जागेचे तारखेसह छायाचित्र जोडावे. त्यानेही काम झाले नाही, तर कारणे दाखवा नोटीस, सुनावणी आणि मग सभेने आधीच ठरवलेल्या दराने दंड. ही चढण चढताना प्रत्येक पायरीवर सदस्याला मागे फिरण्याची वाट मोकळी राहते. बहुतेक माणसे पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात, कारण तोवर त्यांची मान खाली गेलेली नसते.

सुनावणी ही औपचारिकता समजू नये. कदाचित त्या सदस्याच्या गोदामात पावसाचे पाणी शिरले असेल. कदाचित शेतकऱ्याचा माल भाव पडल्यामुळे थांबवून ठेवावा लागला असेल. ऐकून घेतल्यावर सभा आठ दिवस वाढवून देऊ शकते, हंगामापुरती मागची मोकळी जागा सर्वांच्या संमतीने, सर्वांना सारख्याच अटींवर वापरू देऊ शकते. दयेने सवलत द्यावी, पण ती ठरावात लिहून द्यावी. तोंडी दिलेली सवलत पुढच्या वर्षी हक्क म्हणून मागितली जाते.

हीच गोष्ट सज्जाच्या कठड्यावर कबुतरांना दाणे घालणाऱ्या आजीबाईंची. त्यांचा भाव शुद्ध आहे, यात शंका नाही. तथापि खालच्या मजल्यावर दमेकरी मूल असेल, तर दाण्यांची आणि विष्ठेची तक्रारही तितकीच खरी आहे. त्यांना दंडाची नोटीस पाठवणे हा कोरडेपणा झाला, आणि ‘पुण्यकर्म आहे, बोलू नका’ म्हणून तक्रार दाबणे हा त्या मुलावर अन्याय झाला. इमारतीपासून दूर, योग्य जागी दाणे टाकण्याची व्यवस्था एखाद्या तरुणाने अंगावर घेतली, तर आजींचा नेमही चालतो आणि मुलाचा श्वासही. करुणेचे काम कोणत्या जागी करावे, एवढाच तेथे प्रश्न असतो.

शेवटी राहतो तो अध्यक्षांच्या गच्चीवरचा पत्र्याचा आडोसा. पोतीवाल्या सदस्याने तो भांडणात काढला म्हणून गैरलागू म्हणता येईल, परंतु इमारतीतील प्रत्येक मूल तो आडोसा रोज पाहते. नियमाची पहिली पावती ज्याच्या हाती नियम आहे त्याच्या नावाने फाटली, तर दुसरी फाडण्याची वेळ क्वचितच येते. अध्यक्षांनी सभा सुरू होण्यापूर्वी उठून सांगावे, की पत्रे या रविवारी उतरवले जातील आणि ठरलेला दंड मी आज भरतो आहे. खजिनदारांनी तेथल्या तेथे पावती लिहावी. एवढे झाल्यावर चाळीस पोत्यांचा विषय सभेपुढे येण्याआधीच हमालांना निरोप गेलेला असण्याची शक्यता फार मोठी आहे.